सव्वादोन मीटर

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, चोवीस वर्षं शहराची बस चालवत होते आणि महिन्यातून एका रविवारी गाडीच्या शर्यतीत उतरत होते. दोन्ही कामं करणारा माणूस एकच, हे कळलं की लोक हसायचे. कारण बस दाजी इतक्या सबुरीने चालवायचे की त्यांच्या मार्गावरचे प्रवासी म्हणत, "या बसमध्ये बसलेला माणूस पोचतो नक्की, कधी ते मात्र विचारू नये." त्यांच्याच बसवर दुसऱ्या पाळीला एक ड्रायव्हर होता. हॉर्नवरचा हात कधी काढायचा नाही म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणत. तो म्हणायचा, "तुमचे दाजी सहा दिवस बसमध्ये बसून ब्रेक साठवतात आणि रविवारी सगळा एकदम सोडतात."

शर्यत व्हायची ती शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर. विमानं यायची थांबली होती, सिमेंटच्या फटींतून गवत वर आलं होतं. पाव मैलाचा सरळ तुकडा तेवढा साफ ठेवलेला. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, समोरच्या खांबावर वरून खाली तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागायचे, आणि मग हिरवा. हिरव्याच्या आधी चाक हललं तर लाल दिवा, आणि तुम्ही घरी. उतरणारे सगळे हौशी. कुणी सुतार, कुणी दुधाचा ट्रक चालवणारा, एक दातांचे डॉक्टर. गाड्याही अशाच, कुणाची नवीकोरी, कुणाची भंगारातून उठवलेली. त्यामुळे नियम असा केला होता की पट्टी पार करायला आपल्या गाडीला किती वेळ लागेल हे आधीच काचेवर खडूने लिहायचं. हळू गाडीला तेवढा वेळ आधी सोडायचं. आणि लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात, तरी बाद.

म्हणजे नुसता वेग असून काही उपयोग नाही. दिवा लागल्यावर तुम्ही किती पटकन सुटता आणि दर वेळी किती सारखं सुटता, एवढंच हातात. हे ऐकलं तेव्हा दाजी म्हणाले होते, "हे तर माझंच काम आहे. चोवीस वर्षं त्याच थांब्यावरून सुटतोय."

दाजींची गाडी जुनी, चौकोनी, मागच्या चाकांवर ओढणारी. काचेवर कायम एकच आकडा: सोळा सेकंद, आठ दशांश. तो खडूचा आकडा त्यांनी कित्येक महिने पुसलाच नव्हता. दर शर्यतीनंतर वेळ मोजणाऱ्यांच्या खिडकीतून एक चिठ्ठी मिळायची. तिच्यावर रिॲक्शन, म्हणजे हिरव्यानंतर सुटायला लागलेला वेळ, मग पहिल्या साठ फुटांचा वेळ, मग पूर्ण पट्टीचा. आम्ही सेकंदाच्या शंभराव्या भागातच बोलायचो. सुतार दहावर सुटायचा, कधी पाचवर, कधी तिसावर. दाजी सात, सात, आठ, सहा, सात. ती रांग वाचायला लागलं की वाटायचं, हा माणूस श्वाससुद्धा मोजून घेतो.

मोजूनच घ्यायचे. टायरची हवा स्वतः बघायचे, दुसऱ्याच्या मोजणीवर विश्वास नाही. सुटायच्या आधी चाकं जागच्या जागी फिरवून टायर गरम करायचे, ते पाच आकडे म्हणेपर्यंत, सहावा नाही. रेषेवर गाडी आणली की ॲक्सिलरेटरने इंजिन तीन हजार फेऱ्यांवर धरायचं, अर्धा श्वास सोडायचा, आणि तिसरा पिवळा उजळायला लागताक्षणी डाव्या पायाने क्लच सोडायचा. "हिरव्याची वाट बघणारा हरला," ते म्हणायचे, "पाय सुटून चाक हलेपर्यंत हिरवा लागतोच." शेजारच्या गाडीकडे त्यांनी कधी मान वळवली नाही. पायात पातळ तळाचे कापडी बूट. जाड तळवा चालायचा नाही त्यांना. क्लच कुठे धरतो ते तळव्याला कळलं पाहिजे.

एक हंगाम तर असा गेला की दाजी ओळीने अकरा फेऱ्या जिंकले. ताई, माझी बहीण, छापखान्यात मुद्रितं तपासायची. रविवार तिचा सुट्टीचा, तरी ती छत्री घेऊन पट्टीच्या कडेला बसायची. शर्यतीतलं तिला काही आवडायचं नाही. पण चिठ्ठ्या मात्र ती वाचायची. "एवढा शुद्ध मजकूर आमच्या छापखान्यात कधी येत नाही," म्हणायची. तिच्या तोंडून एवढी स्तुती मी दुसऱ्या कशाची ऐकलेली नाही.

बिघडायला कधी लागलं ते सांगता येणार नाही. चिठ्ठी मात्र आठवते. एका रविवारी दाजींनी ती माझ्या हातात दिली आणि दुसरीकडे बघत राहिले. रिॲक्शन चौदा. पुढच्या फेरीत सात, तेव्हा म्हटलं ठीक आहे. तिसऱ्या फेरीत लाल दिवा. दाजींना लाल दिवा! सुतार पलीकडच्या गाडीतून उतरून आला आणि हसत म्हणाला, "काय दाजी, आज बस लवकर सोडली?"

पुढच्या महिन्यात एकवीस, नऊ, अठ्ठावीस. साठ फुटांचे आकडेही वरखाली. कधी चाकं नुसती फिरायची, कधी इंजिन गुदमरायचं. दाजींनी क्लचची तार बदलून घेतली. मग क्लच प्लेट. मग पॅडलची स्प्रिंग. मग टायरची हवा एकेक पौंडाने कमी करून पाहिली. गाडीचा मिस्त्री वैतागून म्हणाला, "दाजी, आता या गाडीत बदलायचं राहिलंय ते फक्त ड्रायव्हर." सगळे हसले. दाजीही हसले. ताई घरी म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं," आणि ते मात्र त्यांना लागलं, कारण त्या दिवशी ते जेवणावरून अर्ध्यात उठले.

मी वायरमन. मला वाटलं, सराव कमी पडतोय, सरावाचं यंत्र करून देऊ. त्यांच्या मागच्या खोलीत मी एका फळीवर बल्ब बसवला, जुन्या स्टॉपवॉचला तारा जोडल्या, आणि खाली लाकडी पाटावर एक जुनं क्लच पॅडल ठोकलं. बल्ब कधी लागेल ते ठरलेलं नाही. लागला की पाय उचलायचा, की आकडा थांबलाच. पाळी संपवून दाजी पाच वाजता घरी यायचे, चहा घ्यायचे आणि खुर्चीत बसायचे. पन्नास वेळा पाय. ताई स्टुलावर बसून एका वहीत आकडे लिहायची.

आठवडाभर मी रोज डोकावत होतो. आकडे सुधारत नव्हते. सुधारणं सोडा, एका जागी राहतच नव्हते. एकतीस, सत्तेचाळीस, तेहतीस, बावन्न. दाजी म्हणायचे, "पॅडल कडक झालंय." मी तेल घातलं. मग म्हणायचे, "बल्ब मंद आहे." मी बल्ब बदलला.

शनिवारी ताईने पेन खाली ठेवलं. "तुझ्याकडे एखादं बटण आहे का रे?" तिने मला विचारलं. दारावरच्या घंटीचं होतं. ते मी जोडून दिलं. ती दाजींना म्हणाली, "आता हाताने दाबा."

दाजींनी दाबलं. वीस वेळा. एकवीस, बावीस, एकवीस, एकवीस, बावीस. तेच आमचे जुने दाजी.

ताईने वहीचं पान त्यांच्यासमोर धरलं. डावीकडे हात, उजवीकडे पाय. बोट ठेवून ती म्हणाली, "दिवा दिसतोय वेळेवर. डोकं ठीक आहे. हात ठीक आहे. पाय बिघडलाय तुमचा, गाडी नाही."

"पायाला काय झालंय? चालतोय की मी."

"किती दिवस झाले साखर तपासून?"

दाजींना नऊ वर्षांपासून साखरेचा त्रास होता. गोळ्या होत्या, पण त्यांची आठवण व्हायची ती ताईने ताटाजवळ ठेवल्या तरच. ते उठले, बटण काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुमचा छापखाना तुमच्यापाशी ठेवा. माणसाच्या पायात चुका शोधू नका." चार दिवस ते ताईशी बोलले नाहीत. तीही बोलली नाही. दोघं एकाच घरात राहून माझ्यामार्फत निरोप पाठवायचे, मीठ कमी आहे, गॅस संपलाय.

पाचव्या दिवशी संध्याकाळी दाजींनी बूट काढले तर फरशीवर रक्ताचा शिक्का उमटला. ताईने खाली वाकून पाहिलं. डाव्या टाचेत खोल भोक, आणि काढलेल्या बुटात तळ फोडून वर आलेला बोटाच्या पेराएवढा खिळा. दाजी सकाळी सहापासून त्या पायाने क्लच दाबत होते. पूर्ण पाळी. शंभराच्या वर थांबे.

"दुखलं नाही तुम्हाला?" ताईने विचारलं.

दाजी स्वतःच्या टाचेकडे बघत होते, परक्याच्या टाचेकडे बघावं तसे. "नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर बाई होत्या, घाईत नसलेल्या. त्यांनी जखम बांधली आणि मग एक लोखंडी दोन दात्यांचा काटा टेबलाच्या कडेवर वाजवून दाजींच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "डोळे मिटा. थरथर कळली की सांगा."

दाजींनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "ठेवा की."

बाई म्हणाल्या, "ठेवून झाला. काढलाही."

मग त्यांनी दुसरा पाय पाहिला. उजवा जरा बरा होता, पण जराच. साखरेने पायाच्या नसा मारल्या होत्या. गेलेलं परत येणं कठीण, राहिलेलं सांभाळायचं. रोज रात्री आरशात तळवा बघायचा, अनवाणी चालायचं नाही, गोळी चुकवायची नाही. ताई सगळं लिहून घेत होती. शेवटी बाईंनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "काम काय करता?"

"टेबलावरचं," दाजी म्हणाले. "कागदपत्रांचं."

"छान. मग प्रश्न नाही."

मी ताईकडे पाहिलं. ताई वहीकडे बघत होती. तिचं पेन थांबलं होतं, पण तोंड उघडलं नाही. माझंही नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. दाजींची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. बाहेर आल्यावर आम्ही तिघं फुटपाथवर उभे राहिलो आणि ताई म्हणाली, "औषधाचं दुकान उजवीकडे आहे," आणि त्या विषयावर तेवढंच बोलणं झालं.

त्या दिवसापासून दाजी शर्यतीला गेले नाहीत. सोमवारी सकाळी मात्र ते नेहमीसारखे बसवर गेले. असे सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांत मला कामावर रुग्णवाहिकेचा आवाज आला की हातातली पक्कड थांबायची. मी घड्याळ बघायचो, दाजींची पाळी आहे का. असली तर मार्ग कुठला. मग स्वतःलाच सांगायचो की एवढा सावकाश माणूस, त्याला काय होतंय.

एक दिवस संध्याकाळी गेलो तर दाजी मागच्या खोलीत एकटेच होते. म्हणाले, "बैस जरा. उजव्या पायाने कर. वीस वेळा." मी पॅडलवर पाय ठेवून बसलो. त्यांनी माझे आकडे लिहून घेतले. वही बाजूला ठेवताना मला दिसलं, आदल्या पानावर त्यांच्याच अक्षरात उजव्या पायाचे आकडे होते. रोजचे. तारखेवार. ताईला न सांगता लिहिलेले.

दोन दिवसांनी त्यांचा भर दुपारी फोन आला. "तुझ्याकडची लांब मोजपट्टी घेऊन डेपोत ये."

डेपोच्या मागच्या अंगणात त्यांची बस उभी होती, रिकामी. भोंग्याची पाळी सुरू व्हायला तासभर होता. दाजींनी पट्टीचं टोक माझ्या हातात दिलं. "हे बंपरला धर." मग पट्टी घेऊन ते बससमोर चालत गेले, वाकले आणि खडूने जमिनीवर रेघ मारली. रेघेवर उभे राहून त्यांनी बसकडे तोंड केलं.

"तुझा पाय आणि माझा पाय यांत सरासरी दोन दशांश सेकंदाचा फरक येतो," ते म्हणाले. आवाज शर्यतीच्या हिशेबासारखाच, कोरडा. "बस चाळीसने चालली असली तर सेकंदाला अकरा मीटर. म्हणजे मी ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत बस तुझ्यापेक्षा इतकी पुढे जाणार. सव्वादोन मीटर. ही सरासरी झाली. वाईट दिवशी याच्या दुप्पट."

मी बंपरपाशी उभा होतो, ते रेघेवर. सव्वादोन मीटर म्हणजे काही नाही. आणि मी तिथून बघत होतो तेव्हा त्या जागेत एक माणूस आरामात मावत होता. दोनही मावले असते.

"आजवर काही झालं नाही ना, दाजी," मी म्हणालो.

"नाही झालं. सहा आठवडे मी लांबूनच ब्रेक धरतोय. लोक शिव्या देतात, मागचे हॉर्न मारतात. पण समोरचा लांबून येत नाही रे. तो मधूनच येतो."

तेवढ्यात डेपोचे साहेब तिकडून निघाले होते ते थांबले. दाजींचे जुने ओळखीचे, वयाने लहान, त्यांना 'काका' म्हणायचे. "काय मोजताय काका? बस वाढली की काय?"

दाजींनी सांगितलं. सगळं. खिळा, काटा, टेबलावरचं काम म्हणून मारलेली थाप. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी आधी इकडे तिकडे पाहिलं.

"हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजू या," ते म्हणाले. "ड्रायव्हर आधीच कमी आहेत. तुमची तपासणी पुढच्या वर्षी. त्यात पायाला काटे लावून कुणी बघत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, काका. दोन वर्षं काढा आणि सुखाने घरी जा."

"मला लेखी द्यायचंय."

"काका, एकदा कागद झाला की माझ्या हातात काही राहत नाही."

"म्हणूनच लेखी द्यायचंय," दाजी म्हणाले. "माझ्या हातात राहिलं तर मी उद्या परत बसवर चढेन."

त्यांनी अर्ज लिहिला, साहेबांच्या टेबलावर, उभ्यानेच. त्या दिवशीची दुसरी पाळी भोंग्याने केली, दुसऱ्या दिवसाची पहिलीही त्यानेच.

मला वाटलं होतं, ताईला हायसं वाटेल. तिनेच तर चूक शोधली होती. पण तिने ऐकलं आणि हातातलं फडकं ओट्यावर आपटलं. "कुणी विचारलं होतं? हात दाखवून अवलक्षण! सुट्टी काढायची होती, आजारपण काढायचं होतं. लेखी कशाला?"

"तूच म्हणालीस ना, पाय बिघडलाय."

"मी तुम्हाला म्हणाले. डेपोला नाही."

"तुला आधी सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस."

"थांबवलंच असतं!" ती म्हणाली, आणि मग खुर्चीत बसली. दाजी दारात उभे होते, आत यावं की बाहेर जावं हे न कळल्यासारखे. मी चप्पल घालून निघालो. तिथे थांबण्यासारखं माझं काही नव्हतं. डॉक्टरांसमोर गप्प बसलेला माणूस कुणाच्या बाजूने बोलणार?

दाजींना हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवलं. खोली तळमजल्यावर, एक जाळी, एक नोंदवही आणि मागे फडताळांत छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे. पगार उतरला, पण त्याबद्दल दाजी कधी बोलले नाहीत. त्यांना खुपायचं ते वेगळंच. गणवेश तोच होता, फक्त छातीवरचा ड्रायव्हरचा बिल्ला काढून घेतला होता, आणि तिथलं कापड बाकीच्यापेक्षा गडद दिसायचं. ताईने तो शर्ट दोनदा जास्त धुतला. फरक पडला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण कागद वर गेला तो वरून दुसरा कागद घेऊन खाली आला. पन्नाशीपुढच्या सगळ्या ड्रायव्हरांची नव्याने तपासणी. पाय, डोळे, कान, सगळं. डेपोत एकोणीस जण निघाले. त्यांतल्या तिघांना बसवरून उतरवलं. एकाचं हृदय, एकाचा कान, आणि तिसरा भोंगा. त्याच्या डोळ्यांची कडेची नजर गेली होती. समोरचं स्वच्छ दिसायचं, बाजूचं काहीच नाही. त्याला स्वतःला माहीत नव्हतं, की माहीत होतं आणि म्हणूनच तो एवढा हॉर्न वाजवायचा, हे कुणाला सांगता यायचं नाही. त्याला झाडलोटीच्या देखरेखीवर टाकलं.

उपाहारगृहात दाजी ज्या टेबलावर बसायचे तिथली माणसं हळूहळू दुसऱ्या टेबलांवर गेली. कुणी भांडलं नाही. दाजी आले की बोलणं थांबायचं, एवढंच. आठवड्याभरात ते डबा घेऊन खिडकीमागेच जेवायला लागले. एकदा मी गेलो तेव्हा पोळीचा तुकडा हातात धरून ते नोंदवही वाचत होते. मी विचारलं, "काय वाचताय?" तर म्हणाले, "लोक काय काय विसरतात ते."

गाडी त्यांनी सुताराला विकली. सुतार भला माणूस. घेताना म्हणाला, "तुम्ही या हो पट्टीवर, मला सुटायचं कसं ते शिकवा." दाजी एकदाच गेले, मीही बरोबर होतो. सुताराने त्यांच्या सांगण्याप्रमाणे हवा भरली, टायर पाच आकडे गरम केले. पण सुटला चाळीसवर, पुढच्या फेरीत लाल. उतरून विचारलं, "दाजी, नेमकं कधी सोडायचा पाय? कळतं कसं?"

दाजींनी डावा पाय उचलून पुन्हा जमिनीवर टेकवून पाहिला. "पायाला कळायचं," ते म्हणाले. "मला नाही कळायचं." तिसरी फेरी सुरू व्हायच्या आधी आम्ही निघालो. पुन्हा ते तिकडे गेले नाहीत.

पुढल्या हिवाळ्यात टाचेची ती जुनी जखम परत चिघळली. ताई रोज बघायची, तरी चिघळली. दवाखान्यात अठरा दिवस काढले. पाय वाचला, पण विष पुढे पसरून पायाची दोन बोटं गेली. ताईने त्या अठरा दिवसांत छापखान्याचं काम तिथेच आणलं. पलंगाच्या कडेला बसून ती मुद्रितं तपासायची आणि मधूनच दाजींना एखादी गमतीदार चूक वाचून दाखवायची. ते हसायचे. त्यांच्यातली अढी पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. ताईने मला एकदा वऱ्हांड्यात सांगितलं, "मला अजून राग येतो त्यांचा. आणि ते बरोबर होते, त्याचा जास्त येतो."

घरी आल्यावर दाजींनी पहिली गोष्ट कुठली मागितली असेल, तर भोंग्याकडे घेऊन चल. मी म्हटलं, कशाला उगाच. ते म्हणाले, "वीस वर्षं एका सीटवर बसलो आम्ही. मी उठलो की तो बसायचा. सीट गरम असायची."

भोंग्याचं घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. वर चढायला आम्हाला वीस मिनिटं लागली. दर मजल्यावर दाजी भिंतीला टेकून उभे राहायचे आणि बोलायचं काय ते ठरवायचे. "तुझ्यावर डाव धरून केलं नाही, एवढंच सांगतो." तिसऱ्या मजल्यावर म्हणाले, "नको, तसं म्हटलं तर वाटेल की मी माफी मागतोय. मागायला हवी का?"

बेल वाजवली. आतून रेडिओचा आवाज येत होता, तो बंद झाला. पावलं दारापर्यंत आली. दाराच्या भिंगातला उजेड गेला, म्हणजे कुणीतरी बघत होतं. दाजी जरा मागे सरले. भिंगासमोर नीट दिसावं म्हणून असेल. आम्ही थांबलो. भिंगात पुन्हा उजेड आला. पावलं आत गेली. रेडिओ परत लागला नाही.

"घरात नाहीत बहुतेक," दाजी म्हणाले.

मी "हो" म्हणालो.

आम्ही उतरायला लागलो. चढण्यापेक्षा उतरणं त्यांना अवघड होतं. पाय पायरीवर पडला की नाही हे त्यांना कळत नसल्यामुळे दर पायरीला खाली बघून खात्री करावी लागायची. मी एक पायरी पुढे राहिलो, हात वर करून, पडले तर धरायला. ते कठड्याला धरून खाली बघायचे, पाय ठेवायचे, पुन्हा बघायचे, मग दुसरा. दुसऱ्या मजल्यावर एक बाई बादली घेऊन वर येत होत्या, त्या बाजूला झाल्या. "सावकाश या हो," त्या म्हणाल्या. दाजींनी मान डोलावली आणि पुढची पायरी बघितली.